क्लोरीनच्या घरची भाऊबंदकी

दसऱ्याचे सोने वाटून झाले की आमच्या घरात एक वेगळेच वारे सुटते. सौ. कमरेला पदर खोचते, माळ्यावरचे डबे खाली येतात, आणि मी वर्तमानपत्र घेऊन ज्या खुर्चीत बसलो असेन तिच्याच खाली नेमका केर असल्याचा साक्षात्कार तिला होतो. गेल्या वर्षी या वाऱ्यातून निसटण्याचा मला एक नामी मार्ग सापडला. सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी ‘सार्वजनिक साफसफाई’ अंगावर घेतली आणि रविवारी सकाळी नवालाच खाली पळालो. त्यापेक्षा घरचे चार डबे पुसले असते तर बरे झाले असते. कारण त्या सकाळी माझ्या तोंडून एक वाक्य गेले आणि त्यापायी एका माणसाचा आणि त्याच्या आठ वर्षांच्या पोराचा जीव जायचा, तो थोडक्यात राहिला.

ते वाक्य असे : ‘‘सगळं क्लोरीनच ना? मग एकात ओता की!’’

पण त्याआधी आमच्या तलावाची थोडी हकीकत सांगायला हवी. तुमच्या इमारतीत पोहण्याचा तलाव नाही म्हणून पान उलटू नका. ज्या मंडळींची ही गोष्ट आहे त्यांतली निम्मी तुमच्या न्हाणीघरातही बिऱ्हाड करून आहेत. त्यांची गाठ पुढे पडेलच.

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिम अंगाला. फ्लॅट घेताना बिल्डरच्या माहितीपुस्तकात एक निळाशार तलाव आणि त्याच्या काठी सरबत पिणारे तरुण जोडपे होते. प्रत्यक्षात मे महिन्यात तलावात उतरतात ती पोरे, आणि वार्षिक सभेत त्याच्या खर्चावर उतरतो ते आम्ही. २०२० च्या मार्चमध्ये सगळीकडचे तलाव बंद झाले तेव्हा आमचाही झाला. पुढे फरश्या निघाल्या, पंप गंजला, सभा झाल्या, सभांत भांडणे झाली, आणि नवा कंत्राटदार नेमून पाण्यात पुन्हा पोरे उतरायला तीन वर्षे गेली. नवा माणूस आपले सामान आपण आणतो. जुन्याच्या वेळचे सामान तळघरातल्या पंपाशेजारच्या खोलीत तसेच राहिले. ते टाकवेना, कारण त्याचे पैसे मोजलेले होते. श्रीखंडाचा रिकामा डबासुद्धा ज्या घरांत दहा वर्षे नांदतो, त्या घरांतली माणसे भरलेले पिंप टाकतील कशी?

खोली आठ बाय दहाची. आत सात पिंपे आणि दोन पोती. शिवाय रंगाचे उरलेले डबे, जनरेटरच्या डिझेलचा कॅन, गणपतीच्या मखराचे पुठ्ठे आणि रद्दीचा ढीग. कारण सोसायटीत ‘खोली’ म्हटली की ती अडगळीचीच. दाराच्या बिजागऱ्या आणि स्विचबोर्डाचे स्क्रू गंजून त्यांचा भुगा झाला होता. तळघरातल्या दमटपणाने लोखंड गंजते, असे आम्ही कितीतरी दिवस एकमेकांना सांगत होतो.

सफाईचा माणूस आणि मी खाली उतरलो. रविवार म्हणून त्याने मुलाला बरोबर आणले होते. दिवा लागेना, तेव्हा पोराच्या हाती बॅटरी दिली. दोन पांढऱ्या पिंपांवर ‘टीसीसीए’ असे लिहिलेले, एका पोत्यावर ‘टीसीएल’. मी चष्मा सारखा केला. एक-दोन अक्षरांचा फरक. छापणाऱ्याची चूक असावी. (मी नोकरीभर हिशेब तपासले आहेत. त्यामुळे दुसऱ्याच्या चुका मला फार पटकन दिसतात.) दोन्हींत पांढरा माल, दोन्हींना तोच तलावाचा वास. पोते एका बाजूने फाटलेले, एक पिंप अर्धे रिकामे. अर्ध्या पिंपात पोते ओतले की एक नग कमी, असा माझा हिशेब झाला.

‘‘साहेब,’’ तो माणूस म्हणाला, ‘‘त्यातलं एखादं निळं पिंप रिकामं झालं तर मला द्याल का? आमच्याकडं पाणी एक दिवसाआड येतं.’’

‘‘एक काय, दोन ने!’’ मी म्हणालो. सोसायटीच्या पिंपावर उदार होणे सोपे असते. मग मी ते वर सांगितलेले वाक्य उच्चारले, आणि चहा प्यायला वर आलो.

फाटकाशी माझी भाची भेटली. रोह्याच्या एका रासायनिक कारखान्यात ती सुरक्षा विभागात आहे. दिवाळीत रजा मिळणार नव्हती म्हणून आधीच भेटायला आली होती. हातातली पिशवी खाली न ठेवता तिने दोनदा नाक ओढले.

‘‘मामा, हा वास कुठून येतोय?’’

‘‘तळघरातून. जुनं क्लोरीन आहे. एकात करायला सांगितलंय.’’

पिशवी तिथेच राहिली. ती जिन्याने धावली तशी मीही मागे धावलो. म्हणजे माझ्या वयाला जमेल तसे. दारातून दिसले ते चित्र मी विसरणार नाही. पिंपाचे झाकण काढलेले. पोते पायाशी. घमेले शिगोशीग भरून त्या माणसाने कमरेपर्यंत उचललेले. पोरगा बॅटरीचा झोत बरोबर पिंपात धरून ओणवा झालेला.

‘‘दादा,’’ ती अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘‘ते घमेलं आहे तिथंच खाली ठेवा. पिंपावरून नेऊ नका. हं. आता बाळाला घेऊन वर चला. घाई नाही, पण थांबायचं नाही.’’

तो माणूस शहाणा. त्याने ‘का’ विचारले नाही. विचारला असता तर तो मीच विचारला असता.

वर तलावाच्या कठड्यावर सगळे बसलो. बाप-लेकांना तिने नळाखाली हात, तोंड, डोळे भरपूर धुवायला लावले. दार उघडे ठेवून तासभर कुणालाही खाली जाऊ दिले नाही. नंतर गाडीतला आपला मुखवटा चढवून ती एकटी उतरली आणि पिंपाचे झाकण नि पोत्याचे तोंड बंद करून आली. तोवर सौ.ने चहा आणला होता. तो मला गोड लागला नाही.

‘‘मामा, क्लोरीनचं घराणं फार मोठं आहे,’’ भाची म्हणाली, ‘‘पण आपल्याकडच्या काही जुन्या घराण्यांसारखं. आडनाव एक, आणि आपसात दावे चाललेले. एका छताखाली आणलंत की डोकी फुटायची.’’

मग तिने मला त्या घराण्याची कुळकथा सांगितली. क्लोरीन हा मुळात पिवळट-हिरवा वायू. १७७४ साली स्वीडनच्या शेले नावाच्या औषधविक्याने तो प्रथम वेगळा काढला. वायू पिशवीत भरून घरी नेता येत नाही, म्हणून १७९९ साली स्कॉटलंडात चार्ल्स टेनंटने तो विझवलेल्या चुन्यात मुरवला आणि कोरड्या पुडीचे पेटंट घेतले. ती ब्लीचिंग पावडर. उष्ण हवेत टिकावी म्हणून तिच्यात जास्तीचा चुना राखला की ती झाली ‘ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम’, म्हणजेच टीसीएल. आपल्या ग्रामपंचायतीचा पाणीवाला विहिरीत टाकतो ती हीच. हिच्यात कामी येणारा क्लोरीन शंभरात तीस-पस्तीस भाग. हिचाच थोरला भाऊ कॅल्शियम हायपोक्लोराइट. त्याचे बळ पासष्ट-सत्तर भाग. आमच्या खोलीत त्याचेही एक पिंप होते, झाकण गंजलेले. हे दोघे चुन्याच्या घरचे.

टीसीसीए हा मात्र वेगळ्याच घरचा. त्याचे पूर्ण नाव ट्रायक्लोरो आयसोसायन्युरिक ॲसिड. एकदा म्हणून टाकले, पुन्हा म्हणणार नाही. तो चुन्याचा नव्हे, आम्लाचा मुलगा, आणि बळ नव्वद भाग. मी ज्यांना छापण्यातली चूक समजलो होतो ती एक-दोन अक्षरे म्हणजे हा सगळा फरक होता! या दोघांची पूड एकत्र झाली आणि तिला नुसता दमटपणा लागला, तरी आतून उष्णता सुटते, क्लोरीनचा लोट उठतो, आणि नायट्रोजन ट्रायक्लोराइड नावाचा एक पिवळा तेलकट पदार्थ तयार होऊ शकतो. त्याला स्फोट व्हायला ठिणगीसुद्धा लागत नाही. हा पदार्थ शोधणाऱ्या ड्यूलाँग या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८११ च्या सुमारास त्याच्यापायी एक डोळा आणि हाताची बोटे गमावली. पुढच्याच वर्षी हंफ्री डेव्हीच्याही डोळ्यांना त्याने इजा केली. डेव्हीला लिहिता येईना, म्हणून टिपणे घ्यायला त्याने एक पुस्तकबांधणीवाला पोरगा ठेवला. तो मायकेल फॅरेडे! विज्ञानाचे त्यात भले झाले, एवढेच.

‘‘पण पाच-सहा वर्षांचा जुना माल,’’ मी म्हटले, ‘‘त्यात दम तो काय राहिला असेल?’’

इथेच तर माझ्यासारखी शहाणी माणसे फसतात. औषधाची मुदत संपली की ते निकामी होते, तसेच हेही, असे आपण धरून चालतो. या घराण्यात म्हातारपण प्रत्येकाला वेगळे येते. पातळ हायपोक्लोराइट, म्हणजे पिंपातले ‘हायपो’, उन्हाळ्यात काही आठवड्यांतच ढिले पडू लागते आणि वर्षानुवर्षे राहिले तर बव्हंशी खारे पाणी होऊन बसते. टीसीएल हळूहळू मऊ पडते, पोते फाटके असेल तर लवकर. टीसीसीए मात्र कोरडा ठेवला तर वर्षानुवर्षे तसाच तिखट राहतो. आणि ॲसिड? त्याला म्हातारपण नाहीच. म्हातारे होतात ती झाकणे, गोण्या आणि लेबले. जुन्या साठ्यात माल कायम असतो आणि त्याला आवरून धरणारी वस्तू झिजलेली असते.

आमच्या बिजागऱ्यांचा उलगडा असा झाला. कॅनमधल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडाची वाफ झाकणातून कणाकणाने सुटत होती आणि हायपोच्या पिंपातूनही काहीबाही सुटत होते. लोखंडाने वर्षानुवर्षे तक्रार केली होती, आम्हीच ती दमटपणाच्या खात्यावर टाकली होती. या दोघांचा द्रव जर प्रत्यक्ष मिसळला असता तर तिथल्या तिथे क्लोरीन वायू. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तोच. हवेपेक्षा तो जवळजवळ अडीच पट जड. म्हणून तो खंदकात उतरला आणि म्हणून तो तळघरातही बसून राहतो. त्याच्यापासून पळायचे ते नेहमी वर आणि मोकळ्या हवेत. डोळे चुरचुरणे, खोकला यावर माणूस थांबला तर नशीब. फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो. म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवायचे. बाप-लेकांना आम्ही दुपारी नेले. दोघे ठीक होते.

‘हायपो’ या नावाची आणखी एक गंमत भाचीने सांगितली. ज्यांच्या घरी कधी फोटो धुवायची अंधारी खोली होती त्यांना हायपो म्हणजे वेगळेच द्रव्य ठाऊक असेल. ते सोडियम थायोसल्फेट, आणि ते क्लोरीनचा नाश करते. मासे पाळणारे नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला तेच वापरतात. तलाववाल्यांचे हायपो मात्र स्वतःच क्लोरीनवाले. एकाच नावाची दोन द्रव्ये, आणि एक दुसऱ्याचा वैरी! तेव्हा कुणी सांगितले की ‘‘थोडं हायपो टाका’’, तर कुठले, हे लेबल वाचूनच ठरवावे.

‘‘मग पाणी मारून टाकू,’’ खजिनदार म्हणाले. तेही एव्हाना चहाच्या वासाने आले होते.

भाचीने कपाळाला हात लावला. टीसीसीए पुष्कळ पाण्यात थोडासा टाकला तर निमूट विरघळतो. तलावात तेच होते. पण पुष्कळ टीसीसीएवर थोडेसे पाणी पडले तर तो खवळतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॉनियर्स गावी २९ सप्टेंबर २०२४ रोजी तलावाच्या रसायनांच्या कारखान्यात साठ्याला पाणी लागले. आग लागली, गावावर रसायनाचा ढग चढला आणि सुमारे १७,००० माणसांना घरे सोडावी लागली. तिथे यंत्रणा, तज्ज्ञ, सगळे हजर होते. आमच्या तळघराला होता एक गळका पाइप.

ज्यांना अमेरिका लांब वाटते त्यांनी मुंबईचे शिवडी आठवावे. १४ जुलै २०१० च्या पहाटे हाजी बंदरावर क्लोरीनच्या जुन्या नळकांड्यांतून वायू गळला आणि कितीतरी जणांना रुग्णालयात न्यावे लागले. ती नळकांडी कुणी बाहेरून मागवलेली, मग कुणी न सोडवलेली, दहा वर्षांहून अधिक काळ तशीच पडून होती. कुणाचीच नसलेली वस्तू सगळ्यांच्या उशाशी! आमच्या खोलीची हकीकत याहून निराळी नव्हती.

आता प्रश्न आला, हे घालवायचे कुठे? आमच्या समितीत सूचनांना तोटा नसतो. एकाने सांगितले, रात्री गटारात सोडा. आमच्या आवारात सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी आहे. त्यात जे काम करतात ते जिवाणू. पोत्याभर क्लोरीन गेला की ते सगळे मरतात आणि मग दोन आठवडे सोसायटी नाक धरून बसते. शिवाय गटारात कुणाच्या न्हाणीतले ॲसिड येत असेल ते कुणी पाहिले आहे? दुसरे म्हणाले, घंटागाडीत द्या. कचऱ्याच्या गाडीत तेल असते, ओल असते, कागद असतो आणि वरून दाबणारे यंत्र असते. कॅल्शियम हायपोक्लोराइटला पेटायला नुसते वंगण पुरते. तिसऱ्यांनी जाळायचे सुचवले. ही द्रव्ये स्वतः जळत नसली तरी दुसऱ्याला जळायला प्राणवायू पुरवतात. फुलबाजीत बेरियम नायट्रेट करते तेच. चौथ्यांना बागेत पुरायचे होते. त्यांच्या घरची तुळस तेवढ्यात सौ.ने त्यांना आठवून दिली.

भाचीची पद्धत साधी होती, पण तिला वेळ लागतो. पहिल्या दिवशी तिने काहीच हलवू दिले नाही. प्रत्येक लेबलाचा फोटो काढला, यादी केली. मग खोलीतून बाहेर काढले ते दुसरेच सामान : डिझेल, रंग, रद्दी, पुठ्ठे. त्यानंतर ॲसिडाचा कॅन एकटा वेगळ्या जागी, उघड्यावर, छपराखाली. टीसीएल आणि टीसीसीए एकमेकांपासून लांब, जमिनीपासून विटांवर उचलून. पातळ माल खाली, कोरडा वर; उलटे केले तर गळती कोरड्यावर होते. आणि प्रत्येकाचे माप वेगळे, प्लास्टिकचे, कोरडे. एकाचा चमचा दुसऱ्यात गेला तरी ठिणगी पडू शकते. आमच्या खोलीत एकच पत्र्याचे डबडे सगळ्यांना होते, आणि तेही कुणाच्या तरी घरच्या तुपाचे.

घालवायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ज्या कामासाठी ते आणले त्या कामाला लावणे. टीसीसीएचे एक पिंप सीलबंद होते, लेबल वाचता येत होते; ते तलावाच्या कंत्राटदाराने खुशीने नेले. ॲसिडही त्याने नेले, पाण्याचा पीएच उतरवायला त्याला ते लागतेच. दोन्ही एका टेंपोत घालू नको, हे मात्र त्याला सांगावे लागले आणि दोन फेऱ्यांचे भाडे द्यावे लागले. दुसऱ्या पोत्यातली तुरटी पाणी निवळायला गेली. टीसीएल नव्या कोरड्या डब्यात, नाव लिहून; बादलीभर पाण्यात थोडे थोडे टाकून, निवळीने तलावाच्या काठच्या फरश्या आणि टाक्या धुण्यात दोन महिन्यांत संपले. पाण्यात पूड टाकायची, पुडीवर पाणी नव्हे, हे आमच्या पंपवाल्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे. निळ्या पिंपांतले हायपो तपासणी-संचाने पाहिले तर अगदीच मिळमिळीत निघाले. तेही रोज थोडेसे, मोजून, तलावातच खर्ची पडले.

उरली तीन पिंपे. उघडलेला, गठ्ठे झालेला टीसीसीए. गंजक्या झाकणाचा कॅल्शियम हायपोक्लोराइट. आणि एक बिनलेबलाचे, ज्यात निळे खडे होते. मोरचूद असावा, पण ‘असावा’ या शब्दावर भाची काही सोडत नाही. ही तिन्ही कुणी घेईना. पुरवठादार फोन उचलेना. रांजणगावला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारे केंद्र आहे. तळोज्याला आहे, नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. पण ती मुख्यतः कारखान्यांसाठी बांधलेली. सोसायटीच्या तीन पिंपांसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्र, मग केंद्राला पत्र, मग मालाची यादी, मग मॅनिफेस्ट नावाचा कागद, मग अधिकृत गाडी. दिवाळी आली तरी पिंपे इथेच. एक तळघरात, एक मागच्या बंद पडलेल्या चौकीत, तिसरे गच्चीच्या जिन्याखाली, आणि तिन्ही ठिकाणी फटाक्यांना बंदी. पोरांनी मला त्या दिवाळीत ‘फुसका बार’ असे नाव ठेवले. दत्तजयंतीच्या आधल्या आठवड्यात गाडी आली. माल विकत घ्यायला जे पडले होते त्याच्या निम्म्याहून अधिक तो घालवायला पडले. खजिनदारांनी वहीत ती रक्कम लाल शाईने लिहिली आहे.

आता तुमच्या न्हाणीघराकडे येतो. कारण माझ्याकडे त्याच रविवारी संध्याकाळी यावे लागले. भाचीने आमच्या बेसिनखालचे कपाट उघडले. आत संडास धुवायची बाटली, जिच्यात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिडच असते. तिच्याशेजारी चहाच्या जुन्या डब्यात ब्लीचिंग पावडर, ओलसर. आणि मागे सरबताच्या बाटलीत काहीतरी फिकट.

‘‘हे काय?’’ तिने विचारले.

सौ. माझ्याकडे पाहू लागली. २०२० च्या एप्रिलमध्ये दाराच्या कड्या नि लिफ्टची बटणे पुसायला सोसायटीने घरोघरी हायपो वाटले होते. अठ्ठेचाळीस फ्लॅट. बाटल्या कुठून आणायच्या, म्हणून सरबताच्या रिकाम्या गोळा केल्या. कल्पना कुणाची, हे विचारू नका. पाण्यासारखे दिसणारे ते द्रव्य सहा वर्षे अठ्ठेचाळीस घरांत पोरांच्या हाताला लागेल असे उभे होते, आणि वाटणाऱ्याने प्रत्येक घरी हसून ‘‘काळजी घ्या’’ म्हटले होते.

‘‘संडास नीट निघत नाही म्हणून कुणी दोन्ही एकदम ओतलं तर?’’ भाचीने विचारले.

‘‘मी ओतलंय एकदा,’’ सौ. म्हणाली. ‘‘खोकून खोकून जीव गेला. मला वाटलं, दोन्ही चांगल्या कंपनीचं आहे म्हणून इतकं लागतंय.’’

मला हे कधी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी अठ्ठेचाळीस दारे वाजवली. बाटल्या गोळा करून एका बादलीत ओतायच्या, असे पुन्हा माझ्या मनात आले होते, हे कबूल करतो. सवय जायला वेळ लागतो. तसे केले नाही. ज्याच्या घरची बाटली त्यानेच, एका दिवशी एका मजल्याने, भरपूर पाण्याबरोबर संडासात सोडली, आणि त्या दिवशी ॲसिडाला हात लावायचा नाही. एका घरी बाटली सापडेना. दोन दिवस शोधाशोध झाली, ती देवघराखाली गंगाजलाच्या शेजारी निघाली.

निळी दोन पिंपे रिकामी झाली तेव्हा सफाईच्या माणसाने काही विचारले नाही. मलाच आठवले. शब्द दिला होता. पण ज्यात वर्षानुवर्षे हायपो होते त्याचा वास तीन पाण्यांत जातो आणि प्लास्टिकात मुरलेले राहतेच; पिण्याच्या पाण्याला ते चालणार नाही. भंगारवाल्याला द्यावे तर तो कुणा दुसऱ्याला पाण्यासाठीच विकणार. म्हणून तीनदा धुऊन, धुवण तलावात घालून, प्लंबरकडून दोन्ही पिंपांना बुडाशी भोके पाडून घेतली. पोरगा वरच्या पायरीवर बसून मोजत होता.

‘‘आता यात पाणी नाही ना राहणार?’’ त्याने विचारले.

‘‘नाही.’’

‘‘थेंबपण?’’

‘‘थेंबपण नाही.’’

तेव्हा तो खाली आला. बोहरी आळीतून मी एक नवे पिंप आणले होते, झाकण आणि तोटीसकट. त्याचे पैसे वहीत लिहू दिले नाहीत. रिक्षात ते बसेना. बाप-लेकांनी ते आडवे केले आणि रस्त्याने ढकलत नेले. कोपरा वळेपर्यंत त्याचा गडगडाट ऐकू येत होता.